बाबांचा एच-इंडेक्स ११ की ६? पुरस्काराच्या फॉर्ममध्ये काय लिहू?

संत्रानगरीकर:
नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. बाबा माती-पाण्याचे शास्त्रज्ञ, चार वर्षं झाली रिटायर होऊन. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पुरस्काराचा फॉर्म पाठवलाय, त्यात एच-इंडेक्स, एकूण सायटेशन, आय-टेन असे रकाने. मी बँकेतला माणूस, मले यातलं काही समजत नाही. पेपर शोधायच्या दोन साइट, गुगल स्कॉलरवर एच ११ दिसतो अन् स्कोपसवर ६, म्हणजे खरा कोणता? बाबा म्हणतात "आमचं प्रोफाइल म्हणजे मातीचे थर पाहायचा दीड मीटरचा खड्डा, ते कम्प्युटरवालं तू पाह्य." लहानपणी एकदा मे महिन्यात त्यांच्यासोबत काटोलकडे गेलो होतो, काळ्या जमिनीला अशा भेगा की माझा हात कोपरापर्यंत आत जायचा, अन् हे खड्ड्यात उतरून ढेकळावर पाणी शिंपडून मुन्सेलच्या रंगाच्या पुस्तकाशी जुळवत बसले, तासभर. ते कोणत्या रकान्यात टाकू सांगा.

थिसिस_अडकलाय:
दोन्ही खरे आहेत भाऊ. सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या लेखनात त्या पेपरचा संदर्भ देणं, अन् आय-टेन म्हणजे किमान दहा सायटेशनवाले पेपर किती. एच ११ म्हणजे किमान ११ पेपर असे की ज्यांना प्रत्येकी किमान ११ सायटेशन आहेत, बस. एका पेपरला ४०० अन् बाकी सगळ्यांना तीन-तीन असतील तरी एच ३च येतो. स्कॉलर थिसिस, परिषदेतले पेपर, रिपोर्ट सगळंच मोजतं, स्कोपस फक्त त्यांच्या यादीत निवडलेली जर्नल्स, पुस्तकं अन् परिषदा. फॉर्मवर आकडा लिहिताना बाजूला "गुगल स्कॉलर, अमुक तारीख" लिहा, नाहीतर छाननीवाले स्कोपस उघडून बसतील. आणि आधी नावाचं बघा, आद्याक्षरं कधी पुढे कधी मागे, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, यात स्कोपसवर एकाच माणसाचे दोन-तीन जण होतात. माझ्या गाइडचे तीन होते. ते जोडून द्या म्हणून स्कोपसला कळवता येतं.

काळीमाती:
हिर्श फिजिक्सवाला, त्याने २००५ मध्ये हा एचचा आकडा काढला, आणि त्यानेच सांगितलं की विषय बदलला की नेहमीचा एचही बदलतो. आपल्याकडे मात्र मातीवाल्याला जैवतंत्रज्ञानवाल्याच्या शेजारी उभं करून फूटपट्टी लावतात. मातीतही भेद आहेच ना. व्हॅन गेनुख्टेनचा १९८० चा पेपर, माती पाणी किती धरते आणि त्यातून ते कसं सरकतं याचं समीकरण, ते वाळूतही चालतं अन् काळ्या मातीतही, म्हणून जगभर सगळे सायट करतात. काटोलच्या मातीचा नकाशा काटोलबाहेरचा माणूस कशाला सायट करेल? पण संत्र्याची बाग लावायची असेल तर समीकरण नाही, खाली चुनखडी किती खोल आहे तेच लागतं. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्यावरून, माणूस मोजू नका म्हटलंय, पण आपल्याकडे नास रेटिंग (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनं जर्नलला दिलेले गुण) विचारल्याशिवाय चहासुद्धा मिळत नाही.

थिसिस_अडकलाय:
तसं म्हटलं तर कमी सायटेशनवाला प्रत्येकजण "माझं काम शेतात आहे" म्हणेल की. काहीतरी पुरावा तर पाहिजेच.

पाणलोटवाला:
पुरावा असतो, सायटेशनमध्ये नसतो एवढंच. मी बारा वर्षं पाणलोटाची कामं केली. मातीची खोली, उतार, निचरा बघून शेततळं कुठं, बांध कुठं ते ठरवायचं, आणि त्या प्लॅनला जोडलेल्या माती सर्वेक्षणाच्या नकाशाखाली संस्थेचं नाव असायचं, खड्डे खोदणाऱ्या माणसाचं नाही. सायटेशन शून्य. काकांना विचारा, त्यांचे नकाशे कोणत्या तालुक्यात, कोणत्या कामात वापरले गेले. त्या खात्याचं एखादं पत्र, प्लॅनमधलं पान, जे मिळेल ते जोडा. एकाच ठिकाणचं जोडा पण नीट, नुसतं "शेतकऱ्यांना फायदा झाला" लिहिलं तर कोणी वाचत नाही.

संत्रानगरीकर:
धन्यवाद सगळ्यांना. स्कोपसवर खरंच बाबांचे दोन जण निघाले, एकाचं आडनावच चुकलेलं, जोडायला सांगितलंय. आता बाबा माळ्यावरून ट्रंक काढून बसले, नरखेडचे हातानं रंगवलेले नकाशे, काठ उंदरानं खाल्लेले. आई ओरडून राहिली की धूळ झाडा आधी. शेवटची तारीख शुक्रवार आहे.