शुगर नाही, तरी किडनीला सूज कशी?

महालवाली:
मिस्टरांचं वय ४१, कळमना मार्केटात पोती उचलायचं काम. शुगर नाही. लघवीला फेस येत होता म्हणून तपासलं, तर प्रोटीन ३ प्लस, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं गाळायचा कचरा) वाढून २.१, बीपी १६०/१००. डॉक्टर म्हणाले, जुना नेफ्रायटिस, म्हणजे किडनीची सूज वाटते, बायोप्सी करू, सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासू. सासूबाईंचं म्हणणं, तर्रीपोहे नडले. कारण काय असेल? बायोप्सी टाळता येईल का?

वर्धारोडकर:
ताई, पाणी वाढवा. आमच्या मेव्हण्याचा खडा पाण्यानंच पडला.

जुना लॅबवाला:
भाऊ, खडा वेगळा, हे वेगळं. किडनी अशी असताना डॉक्टरला न विचारता पाणी वाढवायचं नसते.

ताई, मेडिकल चौकातल्या लॅबमध्ये लघवीच्या काचा पाहण्यात माझी नोकरी गेली. तर्रीनं प्रोटीन ३ प्लस होत नाही बाप्पा! मिठानं बीपी चढते, तेवढ्यापुरतं सासूबाईंचं ऐका. एका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. एवढं प्रोटीन गळते म्हणजे मार गाळणीवर आहे. शुगर नसली तर पुष्कळदा हा मार आपल्याच प्रतिकारशक्तीचा असतो: अँटिबॉडी (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं) गाळणीत अडकतात, सूज धरते, वर्षानुवर्षं व्रण पडत जातात. तरुण माणसांत आयजीए नेफ्रोपॅथी बरीच दिसते, म्हणजे आयजीए नावाची अँटिबॉडी गाळणीत साचते. पॅरिसच्या बर्जे यांनी १९६८ साली ती पहिल्यांदा मांडली. घसा धरला की एक-दोन दिवसांतच लघवी लाल, ही तिची खूण. लुपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार), हेपॅटायटिस बी आणि सी यांनीही गाळण्या सुजतात, म्हणून त्या रक्ततपासण्या सांगतील.

दुखण्याच्या गोळ्यांनी सूज येते ती बहुधा गाळण्यांपुढच्या बारीक नळ्यांच्या मधल्या जागेत, तिथं प्रोटीन सहसा इतकं जात नाही. काही जडीबुटींचंही तेच. मिस्टर गोळ्या घेतात का?

महालवाली:
पाठीसाठी रोज, मेडिकलमधून आणून. आणि मागे सर्दी-घशात लघवी कोकमासारखी झाली होती. उन्हाळी लागली म्हणून सब्जा दिला.

जुना लॅबवाला:
गोळी आजच थांबवा, पाठीसाठी दुसरं काय घ्यायचं ते डॉक्टरला विचारा. कोकमाची गोष्ट तर त्यांना सगळ्यात आधी सांगा. आयजीए रक्तावरून पक्की होत नाही, सुईनं काढलेला तुकडा इम्युनोफ्लोरेसन्सखाली (अँटिबॉडी चमकवून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) पाहावाच लागतो. आधी सोनोग्राफी होईल. किडन्या आकसून लहान झाल्या असतील तर डॉक्टर स्वतःच बायोप्सी टाळतात. नसतील तर बीपी आटोक्यात आणून करून घ्या. ॲस्पिरिन चालू असेल तर तेही सांगा, रक्तस्राव वाढते.