कंट्रोलरच्या स्टिकने मींड-आंदोलन काढताना स्मूदिंग किती ठेवायचं?

जॉयस्टिक_लष्करवाला:

नमस्कार मंडळी, मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागात राहतो. सध्या गेम कंट्रोलरवर राग वाजवायचं वेड लागलंय आणि एका जागी गाडी पक्की अडकलीये, म्हणून इथे विचारतोय.

सेटअप असा आहे: जुना सेकंड हँड वायरलेस कंट्रोलर, त्याची स्टिक ० ते २५५ आकडे देते, मधोमध १२८ च्या आसपास. डाव्या हाताला डी-पॅड आणि खांद्यावरची बटणं, त्यावर स्वर लावलेत. उजव्या अंगठ्याखालची स्टिक मींडेला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, आणि उजवा ट्रिगर आवाज कमीजास्त करायला. मधे एक मॅपर सॉफ्टवेअर आहे ते स्टिकचं मिडी पिचबेंड (सूर वरखाली ओढायचा संदेश) करतं आणि लॅपटॉपवर प्युअर डेटा या आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी बनवलेला प्रोग्राम, म्हणजे पॅच, ते घेतो. पिचबेंडची रेंज मी वरखाली १२ सेमीटोन, म्हणजे एक सप्तक, ठेवलीये कारण मला सा पासून प पर्यंतची मींड एका ओढीत हवी.

प्रश्न दरबारी रागाच्या गंधाराचा, म्हणजे ग चा. तानपुरा चालू करून कोमल ग वर आंदोलन, म्हणजे सावकाश झोका, द्यायला गेलो की सूर थरथरतो, बारीक पायऱ्या ऐकू येतात, आणि स्टिक मधून हलवायला सुरुवात केली की आधी काहीच होत नाही आणि मग सूर एकदम उडतो. म्हणून पॅचमध्ये स्मूदिंग (आकडे गुळगुळीत करणं) टाकलं, टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सूर नव्या आकड्याकडे किती सावकाश सरकतो तो वेळ, १०० मिलिसेकंद. थरथर गेली, पण आता गमक (जोरदार, वेगवान झोके) निघतच नाही, अंगठा कितीही जोरात फिरवला तरी सूर आळसावल्यासारखा मागून येतो, आणि आंदोलनही चपटं झालंय. स्मूदिंग कमी केलं की थरथर परत. मधला आकडा सापडत नाहीये. मंडळाच्या गणपतीत हे वाजवायचंय आणि ऐकायला बसणारे आजोबा लोक कानाने फार पक्के आहेत, त्यांच्यापुढे बेसूर वाजवायची माझी तयारी नाही. कोणी असं केलंय का, काय आकडे ठेवता?

सर्किट_मुरार:

अरे वा, आपल्याच गावचा माणूस. तू तीन वेगवेगळ्या आजारांना एकच औषध देतोयस म्हणून ते कशालाच नीट लागू पडत नाहीये. थरथर वेगळी, पायऱ्या वेगळ्या, उडी वेगळी, आणि यातल्या उडीला तर स्मूदिंगने काहीच होणार नाही, ती फक्त घसरगुंडीसारखी ऐकू येईल.

उडी डेडझोनची आहे. स्टिक सोडल्यावर ती नेमकी मधे येत नाही, थोडी इकडेतिकडे राहते, म्हणून गेमवाले मधला भाग बंद करून टाकतात. एक्सबॉक्सच्या एक्सइनपुटमध्ये (विंडोजवर कंट्रोलर वाचायची पद्धत) स्टिक ० पासून ३२७६७ पर्यंत जाते आणि तिथे डाव्या स्टिकला सुचवलेला डेडझोन ७८४९ आहे, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. गेममध्ये माणूस आपोआप चालायला लागू नये एवढंच बघायचं असतं, त्यामुळे चालून जातं, सुरात नाही चालत. तुझ्या मॅपरमध्येही डेडझोन असणारच, समज १० टक्के आहे, तर त्याच्या काठावरून बाहेर पडल्या पडल्या आकडा शून्यावरून थेट १० टक्क्यांवर जातो, आणि तुझ्या १२ सेमीटोनच्या रेंजमध्ये ते झाले १२० सेंट (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन), सेमीटोनपेक्षाही जास्त. आधी मॅपरचा डेडझोन शून्य कर आणि स्वतःचा पॅचमध्ये लाव, दोन-तीन टक्के पुरे होतो बहुतेक वेळा, आणि काठापासून पुढचा भाग परत शून्य ते एक असा ताणून घे म्हणजे सूर काठावर शून्यापासूनच सुरू होईल.

पायऱ्यांचा हिशोब तर अगदी सरळ आहे. वर १२ खाली १२ मिळून २४०० सेंट, आणि स्टिककडे २५५ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेनऊ सेंटच्या आसपास. तानपुरा चालू असताना हे लपणं शक्य नाही. पिचबेंड १४ बिटचं असतं, १६३८४ पायऱ्या असतात, पण त्याचा इथे उपयोग नाही कारण माल येतोय तोच ८ बिटचा, म्हणजे २५६ आकड्यांचा. हीच रेंज २ सेमीटोनवर आणलीस तर पाऊल दीड सेंटच्या आसपास येतं. लांब मींडेसाठी एखादं बटण ठेव, ते दाबलं की रेंज मोठी, सोडलं की छोटी. फक्त ते स्टिक मधे असतानाच बदल, नाहीतर नवीन उडी तयार होईल.

एवढं केल्यावर जी थरथर उरेल तेवढीच स्मूदिंगची. आणि १०० मिलिसेकंद खरंच फार आहेत. साधा वन-पोल फिल्टर धरला तर १०० मिलिसेकंद म्हणजे १.६ हर्ट्झचा कटऑफ, म्हणजे सेकंदाला त्याहून जास्त झोके असले की फिल्टर ते दाबत जातो. सेकंदाला ५ झोक्यांची गमक त्यातून जाताना ३० टक्के उरते, बाकी सगळी फिल्टरने खाल्ली. आंदोलन सेकंदाला दीड झोका धरलं तरी ७३ टक्क्यांवर येतं, तुला चपटं वाटतंय ते हेच. २० मिलिसेकंद ठेवलेस तर तीच गमक ८५ टक्के शाबूत राहते, १० ठेवलेस तर ९५. मी १५ च्या वर जात नाही.

ख्याल_दौलतगंज:

मला तुमच्या मिलिसेकंदातलं फारसं कळत नाही पण दरबारी शिकले आहे म्हणून लिहिते. बाळा, तू गंधाराचं बटण दाबून स्टिक वरखाली हलवतोस असं मला वाटतंय. तसं केलं तर यंत्र कितीही चांगलं असलं तरी दरबारी होणार नाही. दरबारीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा उतरलेला, अतिकोमल, आणि आमच्या तालमीत तो रिषभावरून उचलून, तिथेच रेलून झुलवायला शिकवतात. गंधार मधे ठेवून दोन्ही बाजूंना सारखाच हलवला तर तो झोका न होता नुसता कंप होतो, आणि तुझ्या त्या आजोबांना तो पहिल्या मिनिटात कळेल. आंदोलनाचा प्रत्येक झोका सारखा नसतो, वर जाताना सावकाश, गंधाराला जरा टेकून परत खाली, आणि पुढचा झोका आधीच्याची नक्कल नसतो. ग्वाल्हेरची गायकी अष्टांग, म्हणजे आठ अंगांची, म्हणतात, त्यात मींड आणि गमक ही दोन्ही अंगं आहेत, दोन्ही एकाच गळ्यातून निघायला हवीत. म्हणजे एकीसाठी यंत्र असं लावायचं की दुसरी मरेल, हे मला तरी पटत नाही.

सर्किट_मुरार:

ताई, तुम्ही जे सांगितलंत त्याने याचा अर्धा तांत्रिक प्रश्नही सुटतो. बघ रे लष्करवाल्या, बटण रिषभाचं दाब, रेंज २ सेमीटोन, आणि स्टिक वर ढकलून गंधारावर जा. रे पासून कोमल ग एक सेमीटोन, म्हणजे तुझं सगळं आंदोलन स्टिकच्या अर्ध्या वाटेवर होणार. तिथे डेडझोन नाही, मधला ढिलेपणा नाही, आणि स्प्रिंगचा ताण एकाच दिशेने असल्यामुळे अंगठ्याला पकड मिळते. ग अतिकोमल हवा तर अंगठा थोडा मागे, कुठला आकडा बदलायला नको. धैवतालाही हेच करता येईल, पंचमावर बटण ठेवून.

प्युअरडेटा_थाटीपूर:

वरचं बहुतेक सगळं बरोबर आहे पण १५ मिलिसेकंद लावून विसरून जा हे मला मान्य नाही. ठरलेला एकच आकडा हा नेहमी तडजोडच असतो, सूर धरून बसलास तर तो कमी पडतो आणि गमकेला तोच जास्त होतो. यासाठी वन यूरो फिल्टर नावाची गोष्ट आहे, २०१२ ची, तीन संशोधकांनी माउस, हाताच्या हालचाली वगैरे ट्रॅक करण्यासाठी काढलेली. आतून तो वन-पोलच आहे पण कटऑफ वेगाप्रमाणे बदलतो: हात स्थिर असेल तर कटऑफ खाली, हात पळायला लागला की कटऑफ वर. कान आणि हात दोघांनाही हे पटतं कारण थरथर जाणवते ती सूर धरलेला असताना, आणि उशीर जाणवतो तो हात पळत असताना, दोन्ही एकदम कधीच त्रास देत नाहीत.

प्युअर डेटात यासाठी बाहेरचं काही लागत नाही. लॉप टिल्डे (lop~, साधा वन-पोल फिल्टर) घे, त्याच्या उजव्या इनलेटला कटऑफ हर्ट्झमध्ये देता येतो. आधीच्या आणि आत्ताच्या रीडिंगमधला फरक भागिले मधला वेळ हा वेग, त्याचं चिन्ह काढून टाक, त्यालाही थोडं गुळगुळीत करून घे, मग कटऑफ म्हणजे किमान कटऑफ अधिक बीटा (वेगाला किती महत्त्व द्यायचं तो आकडा) गुणिले वेग. लावायची पद्धत अशी की पहिल्यांदा बीटा शून्य ठेव, अंगठा एका जागी धरून ठेव आणि तानपुऱ्याशी सूर शांत लागेपर्यंत किमान कटऑफ १ हर्ट्झच्या आसपास कमीजास्त कर. मग जोरात गमक काढ आणि सूर हाताबरोबर यायला लागेपर्यंत बीटा वाढवत जा. दोन वेगळी कामं आहेत, एकाच वेळी दोन्ही आकडे फिरवू नकोस नाहीतर रात्र जाईल.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. स्मूदिंग नेमकं कुठे लावलंयस? बटणाचा स्वर आणि स्टिकची मींड यांची बेरीज करून मग लावलं असशील तर बटण बदललं तरी सूर घसरत जाणार, प्रत्येक स्वर दुसऱ्याला चिकटलेला. फक्त स्टिकच्या आकड्याला लाव, स्वराची बेरीज नंतर. आणि हे सगळं सेमीटोनमध्येच होऊ दे, हर्ट्झमध्ये बदलायचं काम एमटीओएफ टिल्डेने (mtof~) सगळ्यात शेवटी. हर्ट्झमध्ये गुळगुळीत केलंस तर तीच मींड चढताना एक वागते आणि उतरताना दुसरी, लांब मींडेत कानाला लगेच कळतं.

सुपरकोलायडर (आवाजाचं दुसरं सॉफ्टवेअर) वापरणारे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी, त्यातल्या लॅग या स्मूदिंगमध्ये लिहिलेला वेळ हा टाइम कॉन्स्टंट नसतो, ६० डेसिबल उतरायला लागणारा वेळ असतो. तिथले ०.१ सेकंद म्हणजे इथले साडेचौदा मिलिसेकंद. कोणाच्या व्हिडिओतला आकडा उचलून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकू नका.

जॉयस्टिक_लष्करवाला:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काल रात्री बसून केलं सगळं. ताई, रिषभावरून गंधार घेतला आणि खरंच पहिल्यांदा तो गंधार वाटला, आई आतल्या खोलीतून बाहेर आली आणि विचारलं की काय लावलंयस. मॅपरचा डेडझोन १२ टक्के होता, तो काढला. रेंज २ वर, खांद्याच्या एका बटणावर मोठी रेंज. कंट्रोलर वायरने जोडला तर थरथर अजून कमी झाली, ते का ते माहीत नाही. किमान कटऑफ दीड हर्ट्झवर बसला, बीटा अजून बघतोय.

आता दोन गोष्टी उरल्यात. एक, मींड संपल्यावर स्टिक सोडली की टक्क असा उलटा झटका येतो, सूर क्षणभर खाली जाऊन परत येतो. आणि दुसरी, ट्रिगरने आवाज वाढवताना बारीक खरखर येते. ट्रिगरलाही वन यूरोच लावू का?

सर्किट_मुरार:

वायरचं आधी सांगतो. ब्लूटूथवर रीडिंग सारख्या अंतराने येत नाहीत, कधी दोन-तीन एकदम, कधी मधे खड्डा, आणि तेवढ्याने वेगाचा हिशोब चुकतो. वायरवर कित्येक कंट्रोलर दर ४ किंवा ८ मिलिसेकंदांनी ठराविक रीडिंग देतात. कार्यक्रमात वायरच ठेव, स्टेजवर पायात येणार नाही अशी चिकटवून घे.

झटका स्प्रिंगचा आहे, स्टिक सुटली की मधून पलीकडे जाऊन परत येते, आणि वन यूरोला ती जोराची हालचाल वाटते म्हणून तो ती अजून स्वच्छ पुढे पाठवतो. फिल्टरने दाबायला जाऊ नकोस, गमकही दबेल. तुझी मींड बहुतेक एकाच दिशेने असते, तर खालच्या बाजूचा डेडझोन जरा मोठा ठेव, पंधरा-वीस टक्के, वरचा छोटाच राहू दे. खाली ओढायचं असेल तेव्हा अंगठा थोडा जास्त फिरवावा लागेल, सवय होते. आणि स्टिकवर बसणारी उंच टोपी मिळते, निशाणा धरायला गेमवाले लावतात ती. तिने तोच सूर बदलायला अंगठ्याला जास्त अंतर जावं लागतं, म्हणजे बारीक काम हातातच होतं. माझ्या मते कुठल्याही फिल्टरपेक्षा तिचा फायदा जास्त आहे.

प्युअरडेटा_थाटीपूर:

ट्रिगरला वन यूरो नको. आवाजात चढताना आणि उतरताना वेगवेगळा वेळ लागतो, ते हवं. आकडा आधी डेसिबलमध्ये ने, मग चढताना १० मिलिसेकंद आणि सोडताना १०० ते १५० अशी लाइन टिल्डे (line~, ठरलेल्या वेळात एका आकड्यावरून दुसऱ्यावर सरकणारी) लाव, नवीन आकडा आधीच्यापेक्षा मोठा की लहान बघून वेळ निवडायचा. खरखर येते कारण ट्रिगरही ० ते २५५ च देतो आणि प्रत्येक पावलाला आवाज तुटक बदलतो, लाइनची वेळ दोन रीडिंगमधल्या अंतरापेक्षा जास्त असली की पायऱ्या भरून निघतात. तळाशी मात्र नीट बघ, डेसिबलमध्ये आवाज कमी होत जातो पण पूर्ण बंद होत नाही, पहिल्या तीन-चार आकड्यांना आवाज पूर्ण बंद असं सांगून ठेव, नाहीतर ट्रिगर सोडल्यावरही तुझा रिषभ तानपुऱ्याच्या मागे बारीक वाजत राहील.