काळ्या कुत्र्या-मांजरांचे उन्हातले फोटो: तुमचे अनुभव लिहा

आमची काळी कुत्री काजळ अकरा वर्षांची झाली. मिरामारच्या वाळूवर तिचे ढिगाने फोटो काढले, पण एकातही डोळे दिसत नाहीत. वाळू झकास येते आणि मधोमध शाईचा डाग! तिचा एक तरी चांगला फोटो हवाय हो. ज्यांच्या घरी काळं लेकरू आहे त्यांनी कृपया लिहा.

म्हापशाहून: फोन असेल तर स्क्रीनवर तिच्या तोंडावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो. मग सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. वाळू पांढरीफटक पडेल, पडू दे. आपल्याला वाळूचा फोटो कुठे काढायचाय?

फोंड्याहून: हे उमगायला मला दोन उन्हाळे लागले. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो. चौकटीत लख्ख वाळू जास्त असली की तो उजेड कमी करतो आणि कुत्रं काळंठिक्कर होतं. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ करा. पण आमचा बोका गडग्यावर (दगडी कुंपणावर) बसला होता तेव्हा मी जवळ जाऊन चौकट त्याच्यानेच भरली, तर उलटंच झालं: बोका राखाडी, मागचे चिरे फटफटीत. तिथे −१ लागलं. म्हणजे एकच आकडा कायमचा लावून भागत नाही, भोवती काय आहे ते बघायचं. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढलंत तर केसांतला तपशील नंतर बराच वर काढता येतो.

मडगावहून: मी सेटिंगपेक्षा जागा बदलते. बल्कांवच्या (घरापुढच्या छपराखालच्या ओसरीच्या) सावलीत, अगदी कडेला बसवायचं, तोंड अंगणाकडे. अंगणातलं ऊन उसळून चेहऱ्यावर येतं आणि डोळ्यांत उजेडाचा ठिपका उमटतो. तो ठिपका आला की फोटोत जीव येतो.

पेडण्याहून: दुपारी वाळूवर नेऊच नका, कळकळीने सांगतो. आधी आपला तळहात वाळूवर टेकवून बघा. काळे केस ऊन ओढून घेतात. आमचा लॅब्रेडॉर धापा टाकत आडवा झाला होता, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

पुन्हा मीच, पणजीहून: काल संध्याकाळी गेलो. समुद्र पश्चिमेला, म्हणून मी घोटाभर पाण्यात उभी राहिले, सूर्य पाठीशी, काजळ माझ्याकडे तोंड करून ओल्या वाळूवर. +०.७ ठेवलं. डोळे तपकिरी आलेत, आणि हनुवटीखालचे पांढरे झालेले केससुद्धा एकेक दिसतात.