मदत हवी आहे: पोरांकडून विहिरीची पातळी कशी मोजून घेऊ?
नमस्कार मंडळी. मी लातूरकडच्या एका खेड्यात आठवीला शिकवतो. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा ही पोरं अंगणवाडीत होती. त्यांना ती नुसती गोष्टच वाटते.

पावसाचं गणित जमलं. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर, हे शाळेच्या पत्र्यावरून पटलं. अडलंय विहिरीपाशी. सुतळीला दगड बांधून सोडला, तर पाण्याला कधी टेकला तेच कळंना. वर विहिरीला कठडा नाही, पोरांना जवळ न्यायची छाती होत नाही.

कुणी दर महिन्याला पातळी मोजून घेतलीय का? दोरीला काय बांधता? आणि काळ्या पाषाणात पाणी भेगांतून कसं मुरतं, ते दाखवायला सोपा प्रयोग सुचवा. माठात वाळू भरून केला, पण वाळू म्हणजे आपला खडक नव्हे.