फोन उघडून दाखवा, असे पोलीस सांगू शकतात का?

प्रश्न : शहापूरकर

१ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिनाच्या, आधी बेळगाव सीमाभागात कसे वातावरण असते, हे येथील वाचकांना सांगायला नको. त्याच आठवड्यात माझ्या भाच्याला एका ठाण्यात बोलावण्यात आले. गल्लीतील युवक मंडळाच्या व्हॉट्सॲप गटाचा तो ॲडमिन आहे आणि गटात कोणीतरी टाकलेल्या एका संदेशाबद्दल चौकशी करायची आहे, एवढेच त्याला सांगितले. तेथे त्याला अंगठा लावून फोन उघडायला लावला, फोन दुसऱ्या खोलीत नेला आणि पाऊण तासाने परत दिला. देताना हाताने लिहिलेल्या एका कन्नड कागदावर सही घेतली. भाच्याला छापील कन्नड वाचता येते, पण ते अक्षर त्याला लागले नाही.

त्याच फोनमध्ये माझ्या बहिणीचे दवाखान्याचे सगळे रिपोर्ट आहेत आणि त्याच्या लग्नाची चाललेली बोलणीही आहेत. त्या पाऊण तासात कोणी काय पाहिले, हे आता कळण्याचा मार्ग नाही. असा अधिकार पोलिसांना आहे का? आणि फोन हातात न घेताही सरकार आपले संदेश वाचू शकते का?

उत्तर : कोर्टगल्ली

मी वकिली करतो आणि धारवाड खंडपीठातही जातो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात यावर सविस्तर निकाल दिला आहे. पासवर्ड देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे त्यात म्हटले आहे, आणि ही बाजू आरोपीला प्रतिकूल आहे हे मी लपवत नाही. परंतु त्याच निकालात असेही सांगितले आहे की, फोन उघडून झडती घ्यायची असेल तर तपास अधिकाऱ्याने न्यायालयाकडून वॉरंट घ्यावे, आणि वेळ दवडणे शक्यच नसेल तर तशी कारणे लिहून ठेवावीत. तोंडी हुकूम आणि अंगठा, एवढ्यावर झडती होत नाही. सही घेतलेला कागद बहुधा महजर, म्हणजे आपला पंचनामा असावा. त्याची प्रत आधी मागा.

उत्तर : टिळकवाडी ते बंगळूर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कामाशी जवळचे आहे. व्हॉट्सॲप वापरते त्या एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये संदेश तुमच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि त्याची किल्ली फक्त समोरच्याच्या फोनमध्ये असते. मधल्या कंपनीकडे ती नसतेच. त्यामुळे सरकारने कंपनीला कितीही दरडावले तरी मजकूर देता येत नाही. मात्र कोणी, कोणाशी, किती वाजता संपर्क केला, हा तपशील कंपनीकडे राहू शकतो, आणि क्लाउडवरचा बॅकअप वेगळा एन्क्रिप्ट केलेला नसेल तर तो मिळवता येतो.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांवर संदेशाचा पहिला प्रवर्तक, म्हणजे तो सर्वांत आधी पाठवणारा, शोधून देण्याचे बंधन घातले. व्हॉट्सॲपने त्याला त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एकाचा माग काढता यावा म्हणून प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर खूण ठेवावी लागेल, हा त्यातला खरा पेच आहे.

'फक्त पोलिसांसाठी' अशी किल्ली कोणी करून देईल, यावर माझा विश्वास नाही. ग्रीसमध्ये २००४-०५ साली कायदेशीर टॅपिंगसाठी मोबाईल एक्सचेंजमध्ये ठेवलेली सोय अज्ञात लोकांनी वापरली आणि खुद्द पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले. मागचे दार एकदा ठेवले की त्यातून कोण येणार, हे ठेवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

उत्तर : निवृत्त दूरध्वनी कर्मचारी, निपाणी

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. मी एक्सचेंजमध्ये तीस वर्षे काढली. बंद पाकिटातून फोन ऐकण्याचा आदेश येई, आमचे प्रमुख सही करून घेत आणि एमडीएफच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सगळ्या तारा जिथे जोडल्या जातात त्या चौकटीच्या, लोखंडी रांगेवरून एक जादा तारजोडी ओढून दिली जाई. एका अपहरणात त्या जोडीमुळे मूल सुखरूप घरी आल्याचे मी पाहिले आहे. त्या आईचा चेहरा आठवला की सरकारला काहीच ऐकू येऊ नये, असे म्हणणे मला जड जाते.

पण आदेशाचा कागद हवाच. याच राज्यात १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपांवरून रामकृष्ण हेगडे यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात टॅपिंगच्या आदेशाला एकावेळी दोन महिने, एकूण सहा महिने, अशी मुदत बांधून दिली.

उत्तर : कोर्टगल्ली

निपाणीच्या काकांचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्या कागदावर सही कोणाची, हाच माझा आक्षेप आहे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात टॅपिंगसाठी निदान सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही अट होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये ती उरली नाही, उलट 'कोणत्याही गुन्ह्याचा तपास' हे कारण त्यात आले, आणि डेटा उलगडून देण्यास मदत नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. राज्यात आदेश गृहसचिव काढतात आणि तो योग्य होता की नाही, हे मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती तपासते. मागणारे, देणारे आणि तपासणारे असे तिन्ही एकाच सरकारचे लोक. त्यात न्यायाधीश कुठेच नाही. ज्याच्यावर पाळत ठेवली, त्याला नंतरही कळवले जात नाही, मग तो दाद कशाच्या जोरावर मागणार? पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत अधिकार ठरवले आणि सरकारचा हस्तक्षेप कायद्याने मान्य, सकारण आणि प्रमाणात असावा, अशी कसोटी सांगितली. आपल्याकडची पद्धत त्या कसोटीला उतरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहापूरकर

सर्वांचा आभारी आहे. काका, त्या आईबद्दल तुम्ही लिहिलेले वाचून मी बराच वेळ थांबलो. परंतु माझ्या बहिणीचे रिपोर्ट पाहण्याची गरज त्या चौकशीत कोणालाच नव्हती. भाच्याला घेऊन उद्या ठाण्यात जात आहे. कागदाची प्रत मागणारा अर्ज मराठीत आणि कन्नडमध्ये असा दोन प्रतींत लिहिला आहे, आणि आमच्या प्रतीवर तारीख, शिक्का घेतल्याशिवाय परतणार नाही.