आईला एका दिवसात मुंबई दाखवायची आहे, कशी जमवू?

सीताबर्डीकर: नागपूरहून दुरांतो गाडीनं सकाळी सीएसएमटीला उतरून राहिलो, त्याच रात्री परत. आई ६२ ची, समुद्र कधी पाह्यलाच नाही. आपल्या फुटाळा तलावालाच समुद्र म्हणते! घारापुरी, सिद्धिविनायक, जुहू, सगळं होईल का?

महालचा पोट्टा: भाऊ, सगळं धरलं तर आई टॅक्सीतूनच मुंबई पाहीन. सामान क्लोकरूममध्ये टाक. स्टेशनाची इमारत आधी बाहेरून पाहा, १८८८ ची आहे, लोक पाठ फिरवून निघून जातात. मग टॅक्सीनं गेटवे. घारापुरीची लाँच तिथूनच, तासभर लागतो. पण सोमवार नको, लेणी बंद असतात.

धंतोलीची ताई: लेण्यांकडं शंभराच्या वर पायऱ्या आहेत, दादा. काकूंचे गुडघे कसे आहेत ते आधी विचार. माझी सासू अर्ध्यात बसली अन् भेळवाल्याशी गप्पा मारत राहिली. खूश होती म्हणा! नाहीच जमलं तर सरळ मरीन ड्राइव्ह, सूर्य बुडायच्या तासभर आधी. जुहू विसर, लांब पडते.

महालचा पोट्टा: अन् परतीची दुरांतो रात्री बारा वाजल्यानंतर सुटते, म्हणून तिकिटावर पुढची तारीख टाक. मी एकदा चुकलो, रात्रभर प्लॅटफॉर्मवर काढली.

सीताबर्डीकर: बापरे! तिकीट आत्ताच पाह्यलं. तारीख चुकलीच होती, रद्द करतो. गुडघे दुखतात, घारापुरी कॅन्सल. आई विचारते, तिथं तर्री-पोहे भेटतात का?

धंतोलीची ताई: सहज नाही भेटत. डब्यात घेऊन जा.