मदत हवी आहे: बांधाला खांड गेली, शेतात तिवरं उगवली. जमीन वाचवायची कशी?

नमस्कार मंडळी,

पेण तालुक्यात खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, आमची दोन एकर सात गुंठे भातशेती आहे. म्हणजे सातबाऱ्यावर आहे. चार वर्षांपूर्वी आषाढी अमावास्येच्या उधाणाला बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीकडच्या बांधाला खांड गेली, भगदाड पडलं. पहिल्या दिवशी उडी मारून पलीकडे जाता येईल एवढीच होती, आता तिच्यातून होडी आत येते. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा शेतात येतं आणि ओहोटीला जाताना थोडी माती घेऊन जातं.

पूर्वी असं झालं की गावात दवंडी फिरायची. आमच्याकडे त्याला जोळ म्हणत. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याच्या घरचा एक माणूस फावडं घेऊन हजर. ओहोटीच्या चार-पाच तासांत चिखल, पेंढा, दगड घालून खांड बुजवायची, पुढची भरती यायच्या आत. बाबांनी विशीत असताना एकदा सलग तीन रात्री हे काम केलंय. आता गावातली पोरं कंपन्यांत पाळ्या करतात, मी स्वतः ठाण्याला नोकरीला आहे. दवंडी दिली तरी येणार कोण? त्यात धरमतरच्या खाडीत बार्जची ये-जा वाढली. बार्ज गेल्यावर लाट येऊन बांधाच्या पायथ्यावर आपटते ती मी उभा राहून पाहिली आहे. रेतीउपशाने काठ खचले ते वेगळंच.

खांड गेल्यावर आम्ही अर्ज केले. एका कार्यालयाने सांगितलं, तुमच्या बांधाची खारभूमी योजना सरकारी यादीत नाही, खाजगी आहे, दुरुस्ती तुम्हीच करा. दुसरीकडून उत्तरच नाही. तोवर शेतात तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, आली. पहिल्या वर्षी वीतभर, गेल्या पावसाळ्यात कमरेला लागली.

तिवरांवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. बांधाच्या बाहेरची तिवरं आमची राखणदारच. त्यांच्यामुळे लाट मोडते, त्यांच्या मुळांत चिंबोऱ्या मिळतात. लहानपणी त्यांतली एक फांदी तोडली म्हणून आजीने मला मारलं होतं. पण आत, जिथे बाबा भुरा राता हे भात लावायचे, तिथे ती उगवली ती केवळ बांध कुणी बांधला नाही म्हणून. आणि 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर कांदळवन खाजगी जागेत असलं तरी हात लावता येत नाही. भोवती पन्नास मीटरचा पट्टाही मोकळा सोडावा लागतो. म्हणजे शेती करता येत नाही, तिवरं काढता येत नाहीत, आणि आता ऐकतो की नकाशात आमचं क्षेत्र कांदळवन म्हणून दाखवलं जाणार आहे.

याच वेळी दलाल येऊ लागले. अटल सेतू सुरू झाला, विरार-अलिबाग मार्गिकेची चर्चा आहे, उरण-पनवेल-पेणमधली 124 गावं नव्या शहरासाठी एमएमआरडीएकडे दिली. त्यामुळे गाड्या रोज फिरतात. दलालाचं बोलणं एकच: "काका, पाण्याखालची जमीन, हिला कोण विचारतंय? मी देतोय ते घ्या." तो तीन वेळा येऊन गेला. तिसऱ्या वेळी साठेखत आणि कुलमुखत्यारपत्राचे कागद घेऊनच आला.

बाबा 71 वर्षांचे आहेत. अजून रोज सकाळी उरलेल्या बांधावर जातात. परवा मी सोबत होतो. त्यांनी उंचवट्यावरचं एक ढेकूळ उचललं. वर पांढरं मीठ फुटलं होतं. जिभेला लावलं, थुंकले आणि म्हणाले, "माती मेली नाय रं. दोन पावसाली गोऱ्या पान्यान धुतली का पुन्ना पिकल." गोरं पाणी म्हणजे गोडं पाणी. ते खोटं बोलत नाहीत. 1989 च्या पुरानंतर खारं पाणी आत आलं तेव्हाही तिसऱ्या वर्षी पीक आलं होतं.

आजीचं माहेर अलिबाग तालुक्यातल्या चरीचं. 1933 पासून सहा वर्षं तिथल्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध शेतं पडीक ठेवली, उपाशी राहिले, आणि त्यातूनच पुढे कुळाला जमीन मिळायची वाट झाली. आमची पडीक शेतं मात्र पडीक असल्यामुळेच हातची जाताहेत, हे मला फार लागतं.

जाणकारांना विचारायचंय ते असं. योजना सरकारी की खाजगी हे नक्की कुठल्या कागदावरून ठरतं? तिवरं बांध फुटल्यानंतर आली हे सिद्ध करता येतं का? आणि बाबांनी सही करावी का? घरात भाऊ "दे टाकून" म्हणतोय. मला झोप लागत नाही.

– खारेपाटकर

प्रतिसाद – उधाणभरती

सही अजिबात करू देऊ नका. साठेखत झालं की आहे ते भांडणही तुमच्या हातून जातं. शिवाय एक गोष्ट गावात सगळ्यांना सांगा. 2013 च्या भूसंपादन कायद्यात मोबदला काढताना आधीच्या तीन वर्षांतले गावातले नोंदणीकृत व्यवहार बघतात आणि त्यांतल्या जास्त भावाच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी धरतात. आज चार जणांनी पाण्याच्या भावात विकलं, तर उद्या संपादन आलं तेव्हा सगळ्या गावाचा भाव खाली येतो.

कागदांचं म्हणाल तर खारभूमी विभागाच्या पेणच्या कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज करा. तुमच्या बांधाच्या योजनेचं नाव, ती कधी झाली, कधी ताब्यात घेतली, शेवटची दुरुस्ती कधी, एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 1979 च्या खारभूमी अधिनियमाचा उल्लेख करा. तोंडी "खाजगी आहे" याला काही अर्थ नाही.

तिवरांचं वय उपग्रहाच्या जुन्या चित्रांवरून दिसतं. गूगल अर्थमध्ये मागची वर्षं उघडा आणि तुमच्या गटावर भात उभं आहे ती चित्रं तारखेसह छापून ठेवा. सोबत गाव नमुना बारावरच्या जुन्या पीक नोंदी काढा. पण तोवर एकही रोप तोडू नका, आणि खांड स्वतःहून बुजवूही नका. भरतीचं पाणी अडवून तिवरं मारली अशी तक्रार झाली तर तुम्हीच आरोपी ठराल. बांधाची मागणी गावातल्या सगळ्यांच्या सह्यांनी, लेखी, विभागाकडेच करा.

प्रतिसाद – खाजनातला

मी गोव्याचा. आमच्याकडे याच जमिनीला खाजन म्हणतात, आणि बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेला, तुमच्या उघाडीला, मानस. 2011 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद होती: तिथे विकासकामं नकोत, कांदळवन राखा आणि खाजनाचा व्यवस्थापन आराखडा करा. अंमल कसा झाला ते सोडा, पण खाजन म्हणजे नुसती पडीक दलदल नव्हे, माणसानं राखलेली शेती, हे तरी कागदावर आलं. तुमच्या खारेपाटालाही अशी ओळख मागा. एकट्यानं मागू नका. 2008 साली सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर) पेणच्या 22 गावांत मतदान झालं होतं ना? ती गावं एकत्र आली होती.

खारेपाटकर

दोघांचे आभार. 2008 ला मी अकरावीत होतो. सेझला जमीन देऊ नका, हेटवणे धरणाचं पाणी शेताला येईल, असं घरोघर सांगत फिरलो होतो. ते पाणी आज नवी मुंबईच्या नळांना जातं.

माहितीचा अर्ज काल टाकला. जुने कागद शोधताना माळ्यावर आजोबांची जोळाची वही सापडली. कोणाचा माणूस आला, कोणाचा नाही, कोणी किती टोपल्या माती टाकली, सगळं मोडीत आणि बाळबोधीत. 1961 पासूनच्या नोंदी आहेत. काही पानं वाळवीनं खाल्लीत. बांध कोण राखत होतं याचा पुरावा म्हणून ही चालेल का? आणि मोडी वाचणारं पेण-अलिबागकडे कुणी असेल तर कृपया कळवा. रविवारी मी गावीच असतो.